पाय काढल्यावर

रेवण, तुझ्या गाडीचा गियरबॉक्स
मी पोत्यात भरून आणला.
पोत्यात बे. साठ किलोचा डबा,
आणि त्याचा सगळ्यात मोठा सलग तुकडा
माझ्या तळहाताएवढा.

कुंभारीच्या पुढचा तो न उघडलेला बायपास,
फक्कीने आखलेले चारशे दोन मीटर,
सकाळी आठलाच चपलेला चिकटणारं डांबर.
दुभाजकावर बसून पोरं शेंगा फोडत होती.
तू टायर जाळलेस.
धूर असा की पलीकडच्या बाभळी दिसेनात.
मग पाय काढलास.

एवढंच. पाय काढलास.

लोकांना वाटतं जोर लावताना फुटतं.
जोर असतो तोवर दाताने दात धरलेला असतो.
आत एक कडी असते, सायकलच्या फ्रीव्हीलची थोरली बहीण,
एका बाजूला फिरू द्यायचं, दुसऱ्या बाजूला अडवायचं,
जन्मभर एवढंच काम.
ती सुटली की आतला ड्रम मोकळा.
इंजिन सात हजार, तर तो सतरा हजार.
त्याला कुणी सांगितलेलं नसतं,
आणि थांब म्हणायला आता कुणी नसतं.

मिल चालू होती तोवर
नायना एक दिवस आजारी पडले नाहीत.
गेटला कुलूप लागलं, त्या महिन्यात
चहाची बशी हातात थरथरायला लागली.
जॉबर होते. डाव्या भुवईवर धोट्याची खूण.
म्हणायचे, सुटलेला धोटा दिसत नाही रा, ऐकू येतो.
ऐकू आला म्हणजे तुझ्या अंगावर नाही.

मला ऐकू आला.
रेवण, तुला आला का?

सीटशेजारचा पत्रा पापडासारखा फुगला आणि फाटला.
एक तुकडा छतातून गेला.
लाल तेल तापल्या सायलेन्सरवर पडलं
आणि आग आधी निळी होती, कुणाला कळलीच नाही.
सुगुणाने हातातलं घड्याळ टाकलं,
पाण्याच्या पिंपात चादर बुडवली,
मोराची, निर्यातीतून नाकारून परत आलेली,
चोचीत एक धागा चुकलेला म्हणून.
तीच तुझ्या पायांवर टाकली.

तू म्हणाला होतास, डब्याभोवती गुंडाळायला
एक जाड कापड मिळतं, बाहेरून येतं,
फुटलं तरी तुकडे आत धरतं. चाळीस हजार.
मी हसलो होतो.
सोलापुरात राहून कापड विकत आणायचं होय?
सगळे हसले होते. तूपण.

हे आता सांगतो, कारण तू समोर नाहीस.
कडी मी जुनीच बसवली.
सोळा रोळ. एकावर चट्टा, तांदळाएवढा.
बोट फिरवलं, लागला.
पुसला. पुन्हा फिरवलं, पुन्हा लागला.
रात्रीचा एक वाजला होता, नवी कडी पुण्यात,
आणि तू दारात उभा, झालं का, झालं का की.
झालं म्हणालो.

सिव्हिलमध्ये तुझी टाच उशीवर,
पट्टीतून पिवळं औषध पाझरलेलं.
तुझी आई माझ्याशी बोलली नाही,
फक्त खुर्ची सरकवली.
तू डोळे उघडून विचारलंस, टाइम किती आला?

निघालाच नव्हतास बे.
रेषेच्या अलीकडेच होतास.
मी म्हणालो, चांगला आला.

शेडमध्ये जुन्या चादरीवर सगळं मांडलंय.
प्लेटा जळून निळ्या पडल्यात,
स्प्रिंगा सरळ झाल्यात, तारेसारख्या.
सकाळपासून रोळ मोजतोय.
पंधरा भरतात.
एकेकावर बोट फिरवून बघितलं,
पंधराही गुळगुळीत.

स्पीकरातलं जुनं चुंबक काढून
दोरीला बांधलंय.
उद्या उन्हाच्या आधी
बाभळीखालून ओढत जाईन.